किल्लारी, भूज आणि आपले गाव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जेऊर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण झाली. अशा आनंदाच्या प्रसंगी भूकंपासारखा विषय कशाला घेतला, असे काही हितचिंतकांनी मला विचारले. त्याला कारण आहे आणि ते मी उत्तरार्धात सांगणार आहे. प्रथम एवढे नमूद करतो की मी अभियंता नाही, भूगर्भशास्त्राचा अभ्यासक तर नव्हेच. मी कापडाचा व्यापारी आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतर उभे आयुष्य गल्ल्यावर व खतावणीसमोर गेले. त्यामुळे कोणतीही मोठी घटना समोर आली की सवयीने मनात येते, याचा जमाखर्च कोणी ठेवला, आणि तो घटनेच्या आधी मांडला होता की नंतर?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येथे बसलेल्या, वयाने थोड्या मोठ्या असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, मंडळी उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली व सुमारे सोळा हजार जखमी झाली. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. हे अंतर लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या भूकंपाची तीव्रता साडेसहाच्याही खालची होती. जगात याहून मोठे धक्के बसतात आणि इतकी जीवितहानी होत नाही. मग येथे का झाली? उत्तर आपल्या ओळखीचे आहे, कारण ती घरे आपल्या घरांसारखीच होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत मातीचा दर्जा, आणि वर माळवद. अशी भिंत बाहेरून भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये भरलेले दगडगोटे व माती असते. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसला, तर हादऱ्याने हे थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते, ती कोसळते आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसांवर येते. गावाबाहेर कुडाच्या आणि गवताच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसे पुष्कळ ठिकाणी वाचली आणि दगडी वाड्यांत राहणारी गाडली गेली. जिथे छप्पर लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर तोललेले होते तिथे भिंत पडूनही काही घरांचे आढे उभे राहिले. चोरापासून आणि उन्हापासून संरक्षण म्हणून बांधलेली जाड भिंत अशी उलटली.

सूचना मिळाली नव्हती असेही नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या परिसरात लहान धक्के बसत होते आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरातील धक्का चांगलाच जाणवण्याजोगा होता. परंतु देशाच्या भूकंप नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखविलेला होता. २००२ साली नकाशा सुधारला गेला तेव्हा तो भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशा बदलण्यासाठी एवढी माणसे जावी लागली, ही गोष्ट मला व्यापारी म्हणून फार खटकते. बाजारात मालाचा भाव उतरू लागला की आपण खरेदी थांबवतो, दुकान बुडण्याची वाट पाहत नाही. महाराष्ट्राला तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा अनुभव होता. पण कोयनेनंतर लोकांनी 'कोयनेला धरण आहे, आपल्याकडे काय' अशी समजूत करून घेतली आणि ती पंचवीस वर्षे टिकली.

आता प्रशासनाने काय केले ते पाहू. त्यात श्रेय देण्यासारखे बरेच आहे. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तेथे पोहोचले. लष्कर आले. पाऊस पडत असताना ढिगारे उपसणे, मृतदेहांवर अंत्यसंस्कार करणे आणि जखमींना हलविणे ही कामे लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि असंख्य कार्यकर्त्यांनी केली. आपल्या समाजापुरते बोलायचे तर भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची वर्षानुवर्षे जबाबदारी घेतली. मदत करणाऱ्या इतर पुष्कळांचे काम महिन्या-दोन महिन्यांत संपले. या मुलांचे पालकत्व दहावी-बारावीपर्यंत आणि त्यापुढेही चालले. दानाची मुदत किती असावी, याचा विचार करणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

पुनर्वसनाचे काम जागतिक बँकेच्या कर्जातून, महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम या नावाने झाले. त्याचे दोन भाग होते आणि दोहोंचा अनुभव वेगवेगळा आहे.

पहिला भाग असा की पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसविली. तेथे घरे शासनाने, ठेकेदारांनी आणि गावे दत्तक घेतलेल्या संस्थांनी बांधून दिली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची अशी तीन मापे ठरली. घरे भक्कम झाली यात शंका नाही. परंतु ज्यांनी ती गावे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की ती गावासारखी वाटत नाहीत, शहराच्या वसाहतीसारखी वाटतात. रुंद सरळ रस्ते, एकसारख्या रांगा. जनावरांना गोठा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, गल्लीतील शेजार तुटलेला. जुने गाव ज्या पायवाटेने शेताला जोडलेले होते ती पायवाट लांबली. लोकांनी काही वर्षांतच त्या घरांपुढे पत्र्याची शेड उभारली आणि संसार तिकडे मांडला. कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण गिऱ्हाइकाचे माप न घेता शिवलेला अंगरखा कितीही चांगल्या कापडाचा असला तरी बसत नाही, हे आमच्या धंद्यातले साधे तत्त्व तेथे पुरेसे पाळले गेले नाही.

दुसऱ्या भागाची चर्चा कमी होते, पण मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, तडकली होती, अशा दोन हजारांहून अधिक गावांतील लाखभराहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करावयाचे होते. या यादीत आपल्या सोलापूर जिल्ह्यातील गावेही होती. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. काम पाहून अभियंता पुढचा हप्ता सोडी. भिंतीत आरपार दगड बसविणे, माळवदावरील जादा माती कमी करणे, भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरविणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार देणे, अशी ती कामे. आणि यात एक नवी गोष्ट घडली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावी महिलांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. शासनाची योजना काय आहे, हप्ता का अडला, पट्टा का घालायचा, हे त्या घरोघरी जाऊन समजावून सांगत. घर पुरुषाच्या नावावर असले तरी भिंतीला कोठे ओल येते आणि कोठे तडा गेला आहे हे घरातील स्त्रीलाच आधी कळते. येथे बसलेल्या भगिनी याला दुजोरा देतील.

याच कार्यक्रमातून आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा हा प्रकार महाराष्ट्रात आला. मंत्रालयात नियंत्रण कक्ष झाला, जिल्हावार आराखडे तयार झाले. पूर, भूकंप, आग, रोगराई यांपैकी काय आले तर कोणी कोणाला कळवायचे, माणसे कोठे न्यायची, ट्रॅक्टर-जेसीबी कोणाकडे आहेत, डॉक्टर कोण, हे आधी लिहून ठेवायचे. देशात या प्रकारचे काम करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपले राज्य होते, आणि याचा सार्थ अभिमान वाटावा.

किल्लारी हा खेड्यांचा भूकंप होता. शहर कोसळते तेव्हा नगर प्रशासनापुढे कोणते प्रश्न उभे राहतात हे पाहण्यासाठी मात्र गुजरातेत जावे लागते. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये किल्लारीहून कितीतरी पटीने मोठा धक्का बसला. एकूण सुमारे १३,८०० माणसे गेली. आपल्यापैकी ज्यांचे सोयरे कच्छी समाजात आहेत त्यांना त्या दिवसांचे वर्णन मी करून सांगण्याची गरज नाही.

भूजचे जुने शहर तटबंदीच्या आत होते. बोळ इतके अरुंद की दोन्ही बाजूंची घरे पडल्यावर मदतीची गाडी आत जाईना. पुनर्रचनेची वेळ आली तेव्हा रस्ते रुंद करणे अपरिहार्य होते. पण रस्त्याला जागा आणायची कोठून? हाच प्रश्न उद्या कोणत्याही जुन्या बाजारपेठेपुढे येऊ शकतो, म्हणून भूजने तो कसा सोडविला हे व्यापारी बंधूंनी लक्ष देऊन ऐकावे. तेथील विकास प्राधिकरणाने नगररचना योजना आखली. सर्वांचे भूखंड कागदावर एकत्र केले, प्रत्येकाच्या जागेतून काही हिस्सा रस्त्यासाठी व सार्वजनिक वापरासाठी घेतला आणि उरलेली जागा शक्यतो जवळपासच परत दिली. अगदी लहान जागेतून काही घेतले नाही; जागा जितकी मोठी तितका हिस्सा अधिक. ज्यांना तटाबाहेर जायचे होते त्यांच्यासाठी नव्या वसाहती आखल्या. जुन्या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली. आराखडे तयार होईपर्यंत बांधकामाला परवानगी थांबविल्यामुळे लोक चिडले, मोर्चे निघाले, दुकानदार महिनोन्महिने पत्र्याच्या गाळ्यांत बसले. तरी काही वर्षांनी जे शहर उभे राहिले त्यात अग्निशामक बंब बाजारात शिरू शकतो.

यात एक मोठी उणीव राहिली. नुकसानभरपाई आणि भूखंड हे मालकाच्या कागदावर चालले. जुन्या भूजमध्ये पिढ्यान्पिढ्या भाड्याने राहणारी पुष्कळ कुटुंबे होती. त्यांच्या हाती फार थोडे लागले. आपल्याकडेही किती दुकाने तोंडी कराराच्या भाड्यावर चालतात आणि किती घरांच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, हे प्रत्येकाने घरी गेल्यावर कपाट उघडून पाहावे. वाटणी झाली, नोंद झाली नाही. हा आपल्या समाजाचा जुना आजार आहे.

त्याच दिवशी अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक माणसे गेली. अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. तेथे अनेक इमारतींमध्ये तळमजल्यावर वाहनांसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या, आणि वर सर्व भार. परवानगीचा कागद होता, पण त्या कागदाप्रमाणे खांबात लोखंड आहे की नाही हे कोणी पाहिले नव्हते. म्हणून मघाशी मी दीडशे किलोमीटरचे अंतर लक्षात ठेवा म्हणालो. दूर असल्याचा भरवसा धरू नये.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, अशी रचना आहे. स्थानिक संस्थांवरही जबाबदारी आहे. जेऊर हे रेल्वे स्थानकाचे, बाजारपेठेचे गाव असले तरी येथे नगरपालिका नाही. ग्रामपंचायत आहे, तालुक्याचे ठिकाण करमाळा आणि जिल्हा सोलापूर. म्हणजे नगरपालिकेचे अभियंते, अग्निशामक दल, नगररचना विभाग यांतील काही आपल्या दाराशी नाही. पहिले काही तास गावच गावाला. किल्लारीत आणि भूजमध्येही ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली बहुतेक माणसे शेजाऱ्यांनीच काढली होती.

येथे काही बंधू म्हणतील की हे सरकारचे काम आहे, आणि संकट आले की आपला समाज मदतीला धावतोच. धावतो हे खरे आहे. पण धावणे आणि आराखड्यात असणे यांत फरक आहे. कापडाचेच उदाहरण घ्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टणमकडे देशभरातून एवढे जुने कपडे गेले की रस्त्यांच्या कडेला त्यांचे ढीग पडून राहिले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना कोणाचे उतरलेले कपडे नको होते. पाठविणाऱ्याची गाडी, डिझेल, हमाली सर्व वाया गेली आणि ढीग उचलण्याचा भार तेथील प्रशासनावर पडला. संकटात कापड लागतेच. पण काय लागते? सतरंज्या, चादरी, टॉवेल, नवी लुगडी आणि परकर, लहान मुलांसाठी मऊ सुती कापड, आणि प्रेतासाठी पांढरे कापड. शेवटचा शब्द उच्चारताना संकोच वाटतो, पण त्या कापडाची गरज सर्वांत आधी पडते. हा माल कोणाच्या गोदामात किती असतो याची यादी आम्ही व्यापाऱ्यांनी तहसील कार्यालयाला आधीच देऊन ठेवली तर दोन दिवस वाचतील.

व्यापारी बंधूंना आणखी थोडे. रस्त्याकडील दगडी भिंत पाडून तेथे मोठे शटर बसविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून आपण ती भिंत काढतो, आणि वरचा मजला तसाच राहतो. अहमदाबादेत जे खांबांवर घडले तेच येथे उरलेल्या भिंतीवर घडू शकते. गवंड्याच्या अंदाजावर भागवू नका. अभियंत्याची फी एका लग्नाच्या बस्त्यापेक्षा फार कमी असते. तसेच विम्याची पॉलिसी काढून वाचा. पूर्वी आगीच्या विम्यात भूकंप वेगळा हप्ता भरून घ्यावा लागे. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी आणि लहान उद्योगांसाठी ज्या प्रमाण पॉलिसी आल्या त्यांत भूकंपाचे संरक्षण आहे. पण दुकानात माल किती आणि पॉलिसीत रक्कम किती, यांचा मेळ बसला नाही तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी मिळते. दिवाळीला वही बदलतो तेव्हाच हा आकडाही बदलावा.

आता ज्या कारणासाठी हा विषय घेतला त्याकडे येतो. सुवर्णमहोत्सवाचे स्मरण म्हणून आपल्या जुन्या सभागृहावर आणखी एक मजला चढवावा आणि दर्शनी भागाला संगमरवर लावावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. प्रस्ताव मांडणारे माझे स्नेही आहेत व त्यांची तळमळ मी जाणतो. परंतु त्या सभागृहाच्या मागील भिंती दगडाच्या, मातीच्या दर्जात बांधलेल्या आहेत, आणि माथ्यावर काँक्रीटचा पट्टा नाही. पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात तडा आहे. गिलावा केला की तो दोन वर्षे दिसत नाही. याच सभागृहात आपली पाठशाळा भरते आणि पर्युषणात एकाच वेळी सर्वाधिक माणसे याच छपराखाली बसलेली असतात. गावावर संकट आले तर निवाऱ्यासाठी लोक येथेच येणार, जात-धर्म न विचारता यावेत अशीच आपली इच्छा आहे. जी वास्तू निवारा व्हायची तीच आधी पडली तर?

माझी विनंती एवढीच की मजल्याचा निर्णय तूर्त बाजूला ठेवून प्रथम संरचना अभियंत्याकडून भिंतींची व पायाची तपासणी करून घ्यावी. तो म्हणाला की वास्तू मजला पेलते, तर माझा विरोध नाही. तो म्हणाला की आधी मजबुतीकरण करा, तर संगमरवराचा निधी त्याकडे वळवावा. देणगीदारांची नावे पाटीवर तशीच राहतील; काँक्रीटचा पट्टा भिंतीत दिसत नाही म्हणून त्याचे दान कमी ठरत नाही. वास्तू सुरक्षित ठरल्यानंतर सभागृहाची क्षमता, पाण्याच्या टाकीचे माप, स्वच्छतागृहे, भोजनशाळेतील मोठी भांडी, आणि किल्ली ठेवणाऱ्या तीन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक असे एक पत्र ग्रामपंचायतीला आणि करमाळ्याच्या तहसीलदारांना द्यावे व आराखड्यात नोंद करून घ्यावी. दरवर्षी संवत्सरीनंतरच्या आठवड्यात ती माहिती तपासून ताजी करावी, कारण किल्ली सांभाळणारी माणसे बदलतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सभागृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावा, त्याला तर ठरावाचीही गरज नाही.

तपासणीच्या फीची अर्धी रक्कम मी देतो. उरलेल्या अर्ध्या रकमेसाठी दोन व्यापारी बंधूंनी आताच, भाषण चालू असताना, हात वर केला आहे. त्यांची नावे त्यांच्या परवानगीशिवाय सांगत नाही. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असे पत्र मी आज सकाळीच सचिवांकडे दिले आहे. सभेला सर्वांनी यावे, विशेषतः भगिनींनी, आणि ज्यांना माझे म्हणणे पटले नाही त्यांनी तर अवश्य यावे.